दाखल्याचं कारण

उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात एक रकाना असतो: दाखला कशासाठी हवा? नऊ वर्षं झाली, केजला सेवा केंद्रावर बसून मी हा रकाना दिवसातून तीस-चाळीस वेळा भरते. (सेवा केंद्र हे पाटीवरचं नाव. लोक अजून ‘सेतू’च म्हणतात.) जूनमध्ये शाळा-कॉलेजवाले येतात, तेव्हा ‘शैक्षणिक’. लाडकी बहीण निघाली त्या जुलैत तर दारात चपलांचा ढीग असायचा. समोरच्याच्या हातातली कागदांची पिशवी बघूनच मला कळतं, त्या रकान्यात काय जाणार.

यंदाच्या मार्चमध्ये एक अर्ज मी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर भरायला घेतला. अर्जदार माझा सख्खा थोरला भाऊ. नाव, आधार, गाव, तलाठ्याचा अहवाल, सगळं झपाझप झालं, आणि त्या रकान्यापाशी मी इतका वेळ बसून राहिले की लॉगिन आपोआप बंद झालं. पुन्हा पहिल्यापासून भरलं. शेवटी ‘वैद्यकीय’ लिहिलं. खोटं नव्हतं ते. पण दिवसभर मी लोकांना सांगते की बाबा, कारण स्पष्ट सांग, नाहीतर अर्ज परत येतो. आणि स्वतःच्या भावाचं कारण मला रिकाम्या खोलीतसुद्धा टाइप करवेना.

मार्चमध्ये दाखला काढू नका, हेही मीच सगळ्यांना सांगते. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिलपर्यंत थांबा, वर्षभर चालेल. पण आम्हाला थांबायला वेळ नव्हता.

दादा ट्रॅक्टरवर होता. कारखाना सुरू झाला की ऊस वाहतूक, उन्हाळ्यात नांगरट. कारखान्याच्या गव्हाणीला नंबर लागेपर्यंत कधी कधी अख्खी रात्र जाते. ट्रॅक्टरवाले ओळीनं थांबलेले, थंडी, करायला काही नाही. तिथं सुरुवात झाली. आधी रात्रीची, मग दुपारची, आणि मग डोळा उघडला की नव्वदी. गावापासून केजपर्यंतच्या रस्त्यावर पाटी आहे, ठळक अक्षरांत: ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. रेशनचं असतं तसं. ज्या कायद्याखाली ही दुकानं चालतात त्याचं नाव मात्र आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ असंच आहे, आणि उत्पादन शुल्कच्या साहेबांना म्हातारी माणसं अजून ‘दारूबंदीवाले’ म्हणतात. देशी बनते उसाच्या मळीपासून. दादानं सीझनभर कारखान्यावर टाकलेल्या उसातला थोडा बाटलीतून त्याच्याकडंच परत येत असणार.

सोडवायचे सगळे देशी उपाय झाले. नाथषष्ठीला पैठणला नेऊन माळ घातली. माळ घातलेला माणूस पीत नाही, हे खरंच. दादा प्यायच्या आधी ती काढून खुंटीला लावायचा आणि सकाळी आंघोळ करून परत घालायचा. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. मग वहिनीनं बसस्टँडच्या भिंतीवरचा नंबर लावला, ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’. पुडी आली, ती वहिनी वरणात घालायची. दादाचं तोंड लाल व्हायचं, छातीत धडधड व्हायची, आणि आम्हाला वाटायचं गुण येतोय. पुढं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला: अशा पुड्यांत कधी कधी डायसल्फिरामची गोळी कुटून घातलेली असते. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, तपासण्या करून. न सांगता दिलं आणि तो वरून प्याला तर जीवसुद्धा जाऊ शकतो. वहिनी त्या दिवसापासून वरण वाढताना गप्प असते.

मग एक खासगी केंद्र. नाव घेत नाही. शहराबाहेर शेतात पत्र्याचं शेड, महिन्याला १५ हजार, रोख. रात्री गाडी आली, चौघांनी दादाला उचललं, माय दारात उभी राहून रडत होती आणि मी तिला म्हणत होते, भल्यासाठीच आहे माय. माझी बोरमाळ गहाण पडली होती. पैसे देताना मी सवयीनं पावती मागितली. तो म्हणाला, ‘ताई, हे काय किराणा दुकान आहे का?’ नऊ वर्षं सरकारी पावत्या फाडणाऱ्या बाईला तिथंच कळायला हवं होतं. महिन्यानं दादा आला तो पाठीवर वळ घेऊन. महिन्याभरात डॉक्टर एकदाही दिसला नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी प्याला. आता मला माहीत आहे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली अशा केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागते, आणि माणसाला असं रात्री उचलून नेता येत नाही. तेव्हा मी नोंदणी क्रमांक विचारला नाही. दुसऱ्याच्या कामात मी तो पहिला विचारते.

फेब्रुवारीअखेर आम्ही घरीच बंदोबस्त केला. आतल्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं सदरा भिजला. आम्ही म्हटलं, उतरतेय. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मधूनच ओरडायचा, ‘ट्रॉली मागं घे, मागं घे!’ पहाटे झटका आला, जीभ चावली. गावातली जीप करून अंबाजोगाईला, मेडिकलला नेलं. (स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असं त्याचं पूर्ण नाव. पेपरात ‘स्वाराती’ येतं, आम्ही ‘मेडिकल’ म्हणतो.)

तिथला निवासी डॉक्टर माझ्या पुतण्याएवढा पोरगा. त्यानं आधी विचारलं ते किती पितो हे नव्हे, तर थांबवून किती तास झाले हे. मग समजावलं. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की मेंदू उसळतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास, भ्रम, ताप, आणि उपचार नाही मिळाले तर त्यातच माणूस जातो. म्हणून ही दारू दवाखान्यात, औषधाच्या आधारानं उतरवायची असते. चढत्या डोसाच्या नव्हे, उतरत्या डोसाच्या गोळ्या असतात. ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, नाहीतर आधीच रिकाम्या झालेल्या मेंदूला इजा होते. गावाकडं दारुड्याला ‘जरा अशक्तपणा आलाय’ म्हणून थेट ग्लुकोज चढवतात, ते मला आठवलं. आणि आमची कडी आठवली. आम्ही त्याला बरं करत नव्हतो, मारत होतो.

पाच दिवसांनी दादा मला ओळखायला लागला. तोच डॉक्टर म्हणाला, ‘अंगातली दारू उतरली ताई. आता डोक्यातली. त्याला महिने लागतात. केंद्रात राहणं, समुपदेशन, मग वर्ष-दोन वर्षं येत राहणं. सोय बघा.’

सोय बघा. हे दोन शब्द मी रोज ऐकते, दुसऱ्यांच्या तोंडून.

सोय म्हणजे पैसे, आणि पैशाचं सोंग आणता येत नाही. पहिल्यांदा गेले आरोग्यमित्राकडं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मला तोंडपाठ आहे: २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत आली, पुढं राज्यभर झाली, नाव बदललं, दीड लाखाचे पाच लाख झाले. आमच्या मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत तर शेतकऱ्याचं पांढरं कार्डसुद्धा तिच्यात चालायचं, आत्महत्याग्रस्त म्हणून. आरोग्यमित्र भला माणूस होता. यादीवरून बोट फिरवत म्हणाला, ‘उद्या याला रक्ताची उलटी झाली, नळीतून दुर्बीण घालून बँड लावावं लागलं, तर मी आत्ता बसवतो. व्यसनमुक्तीचा महिना नाही बसत.’ मी तिथंच बाकावर बसले. यकृत सडेपर्यंत थांबलो तर पाच लाख आहेत, आणि सडू नये म्हणून काही करायचं तर माझी बोरमाळ आहे, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्याचा दोष नाही. यादी त्यानं केलेली नाही.

मावसभाऊ पुण्यात कंपनीत आहे, तो फोनवर म्हणाला, विमा काढायचा ना आधी. मी त्याच्याच पॉलिसीचा कागद मागवला. अपवादांच्या यादीत बारावा अपवाद: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम. सगळ्या कंपन्यांना ही यादी एकाच क्रमानं छापावी लागते, त्यामुळं कुणाचीही पॉलिसी उघडा, बारा नंबरला हेच. २०१७ च्या कायद्यात मात्र मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळं जडणारी मानसिक अवस्था स्पष्ट धरलेली आहे, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या असंही त्यातच म्हटलंय. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मावसभावाला काही बोलले नाही. तोही शनिवारी घेतो.

एका सरकारी कार्यालयात गेले. तिथं जिन्याशेजारी नशामुक्तीचा फ्लेक्स होता, २६ जूनचा. त्या दिवशी अमली पदार्थविरोधी दिन असतो आणि शाहू महाराजांची जयंतीही, म्हणजे आपला सामाजिक न्याय दिन. एकाच मांडवात दोन्ही उरकतात, पोरांना शपथ देतात, केळी वाटतात. मी विचारलं, माणसाला भरती करायची आहे, अनुदानावरचं केंद्र कुठलं? टेबलामागचा माणूस मोठ्यानं म्हणाला, ‘कोण पितं, नवरा का?’ चार माणसं वळली. मी म्हटलं, ‘नाही, शेजारी.’

हे लिहिताना लाज वाटतेय. सख्ख्या भावाला मी शेजारी केलं. त्यानं शेजाऱ्यासाठी जेवढी माहिती द्यायची तेवढीच दिली.

खरी माहिती मिळाली ती मेडिकलच्या व्हरांड्यात. मानसोपचार विभागात दादाला हलवल्यावर वहिनी आणि मी आळीपाळीनं राहायचो. तिथं बाहेर बायाच बाया. कुणाची माय, कुणाची बायको, एक तर सासू होती जावयासाठी आलेली, परळीकडची. पहिल्या संध्याकाळी तिनं भाकरीचा तुकडा पुढं करत विचारलं, ‘तुमचा किती वर्षं झाली पितो?’ लेकरं किती, असं विचारावं तसं. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी वळून बघत नव्हतं. मग मी म्हटलं, ‘चौदा.’ ती म्हणाली, ‘आमचा अकरा. पदराखाली झाकलं तेवढं बास झालं बाई, आता पदरच राहिला नाही.’

त्या व्हरांड्यात मला कळलं ते असं. १४४४६ हा नशामुक्तीचा केंद्र सरकारचा फुकट नंबर आहे. फोन लावला की जवळचं अनुदानित केंद्र सांगतात आणि समुपदेशकाशी बोलायला मिळतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीचा सरकारी नंबर, तो रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलतात. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पैशावर संस्था व्यसनमुक्ती-पुनर्वसन केंद्रं चालवतात, एकेकात मोजक्याच खाटा. गरिबाला तिथं फी भरावी लागत नाही, पण खाट रिकामी असावी लागते. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, यांच्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची, ती त्या निर्णयात नाहीत, तिथं थोडं शुल्क लागतं. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनं ते बांधलेलं आहे. त्यासाठी रेशनकार्ड नाहीतर तहसीलदाराचा दाखला लागतो.

तोच तो दाखला. म्हणून मार्चमध्ये काढला.

गंमत अशी की यातलं निम्मं मला माहीतच होतं. धर्मादाय खाटांसाठी लोकांचे दाखले मी हृदयाच्या ऑपरेशनला काढून दिलेत, गुडघ्याला दिलेत. दारूसाठी चालेल हे कधी डोक्यातच आलं नाही, कारण दारूसाठी म्हणून माझ्या खिडकीवर आजवर कुणी आलेलंच नव्हतं. आले असतील, ‘वैद्यकीय’ म्हणून. माझ्यासारखेच.

कार्डाचं म्हणाल तर दादाचं केशरी. पिवळ्याची मर्यादा वर्षाला १५ हजार उत्पन्न. पंधरा हजारांत वर्ष काढणारं घर मी पाहिलेलं नाही, कार्डं मात्र ढिगानं पाहिलीत. रात्री व्हरांड्यात झोप येत नव्हती म्हणून मोबाइलवर तो २०१७ चा कायदा काढून वाचत होते. कलम १८ मध्ये एक ओळ सापडली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, मग त्याच्याकडं तसं कार्ड असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार विनामूल्य. कार्ड असो वा नसो! मी ती ओळ तीनदा वाचली. कागदावर जगणाऱ्या बाईला असली ओळ म्हणजे देव्हाऱ्यातच चप्पल दिसावी तशी. त्याच कलमात असंही आहे की जिल्ह्यात सरकारी सोय नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि तो खर्च सरकारनं उचलावा. त्याचा अर्ज कुठं करायचा हे मी बरंच शोधलं. पोर्टलवर शेकडो सेवा आहेत, मला त्या आडव्या-उभ्या पाठ आहेत. ही नाही.

त्याच रात्री आणखी एक कागद वाचला. दिल्लीच्या एम्सनं केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर पाहणी केली होती, ती २०१९ ला बाहेर आली. सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकाला काही ना काही उपचार मिळतो. भरती होऊन मिळतो तो १८० मागं एकाला. दार ढकलून आत बघितलं, दादा घोरत होता. आमच्या घरात कधी कुणाची लॉटरी लागलेली नाही.

एक गोष्ट बाजूला ठेवून पुढं जाता येत नाही. बीड जिल्ह्यात सेतूवर बसायचं म्हणजे शेतकरी आत्महत्येची कागदं हातून जाणारच. वारसाला १ लाख मिळतात: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा, ही कारणं धरतात. जबाबात कुणी ‘पीत होता’ म्हणून गेलं की प्रकरण अपात्रतेकडं झुकतं, म्हणून पंचनाम्याच्या दिवशी अख्खं गाव तोंडाला कुलूप लावतं. मी ते कुलूप पाहिलंय आणि मला ते बरोबरच वाटत आलंय. मागं राहिलेल्या बाईचा लाख रुपया कोण घालवील? मात्र जिवंत माणसाचं उलटं आहे. हा शब्द खिडकीवर उच्चारल्याशिवाय त्याला काही मिळत नाही. लपवायची सवय एकदा गावाला लागली की ती माणूस जिवंत आहे की मेला हे बघत नाही. सरकारनं २०१५ ला आमच्यासह १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, १०४ नंबर दिला, आशाताई घरोघर विचारून जातात, घरात कुणी उदास आहे का, व्यसन आहे का. आमच्याकडंही आशाताई आली होती. मायनं सांगितलं, ‘समदं ठीक हाय.’

शाळेतले एक सर म्हणाले, पुण्याला मुक्तांगणला न्या. नाव ऐकलेलं होतंच; डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये येरवड्याला सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा हात लागलेलं. दादा पुण्याला नाही म्हणाला. तिकडं गेलो तर गावात म्हणतील येरवड्याला गेला. येरवड्याला मनोरुग्णालय आहे आणि तुरुंगही, त्यामुळं आमच्याकडं त्या नावाचा एकच अर्थ. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही, आणि भीती मात्र पूर्ण चारांची आहे.

१४४४६ ला मी फोन लावला तो सेवा केंद्राच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘आपलं नातं काय?’ मी म्हटलं, ‘बहीण.’ शेजारी म्हणाले नाही. त्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अनुदानित केंद्राचा नंबर दिला. तिथं खाट नव्हती, नाव लिहून घेतलं. मधले तीन आठवडे दादा माझ्याकडं केजला राहिला. आमचे हे एरवी माहेरच्या माणसांचं फार मनावर घेत नाहीत, पण त्या तीन आठवड्यांत रोज रात्री गेटला कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवायचे आणि सकाळी दादासोबत चालायला जायचे. बोलायचे काय कोण जाणे. बहुतेक कापसाच्या भावावर.

खाट मिळाली एप्रिलमध्ये. महिना राहिला. फी नाही. तिथल्या व्यवस्थापकांच्या टेबलाला काच होती, काचेखाली मंजुरीचं पत्र. मी न राहवून अनुदान वेळेवर येतं का विचारलं. ते हसले, ‘ताई, तुम्ही सरकारी कामातल्या दिसता.’ किराणावाल्याची उधारी, समुपदेशकाचे थकलेले पगार, हे त्यांनी सांगितलं नाही, मी भिंतीवरच्या फळ्यावर वाचलं. त्या दुपारी जेवायला वरण-भात आणि शेवग्याची भाजी होती. शेवगा अंगणातलाच.

हिशेब ठेवायची मला खोडच आहे, म्हणून सांगते. मेडिकल आणि केंद्र मिळून उपचाराला गेले सहाशेच्या आत. बाकीचं असं: जीप २,५००. वहिनीचा सतरा दिवसांचा रोज बुडाला. व्हरांड्यात आम्ही दहा रुपयांची शिवभोजन थाळी खायचो, पण ती दुपारचीच. एसटीला मला, वहिनीला, मायला अर्धं तिकीट आणि दादाला पूर्ण. कंडक्टर म्हणाला, पेशंटला सवलत नाही, बाईला आहे. वहिनीचे लाडकी बहिणीचे १,५०० त्या महिन्यात जीपवाल्याकडं वळते झाले. फुकट उपचाराची अशी एकूण किंमत निघाली साडेअकरा हजार. १५ हजारांच्या त्या शेडपेक्षा कमीच, आणि पाठीवर वळ नाहीत.

केंद्रात दर रविवारी एएचे (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचाच गट) दोघं यायचे. फी घेत नाहीत, बाहेरची देणगी घेत नाहीत, सरकारचं अनुदानही नाही. आपसातच टोपी फिरवतात, तीही ज्याची इच्छा असेल त्यानंच. एवढ्या सगळ्या धावपळीत कुणाकडंच कसला कागद न मागणारे ते दोघंच भेटले. त्यातला एक निवृत्त कंडक्टर. उभं राहून आपलं नाव सांगायचा आणि पुढं, ‘मी दारुडा आहे.’ दादा पहिल्या रविवारी उठून बाहेर गेला. दुसऱ्या रविवारी बसला. चौथ्या रविवारी बोलला की नाही मला माहीत नाही, त्यानं सांगितलं नाही.

मेमध्ये एका लग्नात प्याला. वरातीत. दोन दिवस घरी आलाच नाही. माय म्हणाली, पैसे पाण्यात गेले. मी म्हटलं, कुठले पैसे माय, सरकारचे. ती तशाही परिस्थितीत हसली. तिसऱ्या दिवशी दादा आपणहून आला आणि म्हणाला, ‘बाई, तो डॉक्टर कोणत्या वारी बसतो?’

मार्चमधला दाखला वापरलाच गेला नाही. ३१ तारखेला त्याची मुदत संपली. फाईलमध्ये आहे. नवा काढायचा का, असं दादाला विचारलं, तर म्हणाला, काढून ठेव.

परवा ओपीडीला त्याच्यासोबत गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर मोठी रांग. मी पुढं व्हायला लागले तर त्यानं हातानं मागं केलं आणि स्वतः उभा राहिला. नंबर आला. आतून नेहमीचं विचारलं, ‘कशासाठी?’

‘दारूसाठी.’

मागून एक म्हातारा म्हणाला, ‘ते दुकान बाहेर हाय बापू, रस्त्याच्या पल्याड.’ रांग हसली. माझ्या पोटात गोळा आला. दादानं मागं वळून बघितलं, आणि तोही हसला. ‘तिथूनच आलोय काका,’ म्हणाला.

डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढची तारीख घातली. मी मोबाइलमध्ये बघितलं, तर त्या दिवशी पोळा. गावात त्या दिवशी काय चालतं हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार. बैल मिरवून झाले की रात्री अख्खी गल्ली झिंगलेली असते. दादाच्या तर चौदा पोळ्यांपैकी एकही कोरडा गेलेला नाही. मी म्हटलं, डॉक्टर, एक दिवस अलीकडं-पलीकडं होईल का?

‘राहू द्या,’ दादा म्हणाला. ‘पोळ्यालाच येतो. सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो, शेवटच्या गाडीनं जातो.’